बाळूची पहार आणि माझा कान

"धरा रं त्याला! आधी चावी काढून घ्या त्याच्याकडनं!"

हा आवाज सुभेदार अण्णांचा. फौजेत तोफखान्यात होते. रिटायर होताना तोफा तिथंच जमा केल्या आणि आवाज तेवढा घरी घेऊन आले. मी तेव्हा वडूजच्या एसटी स्टँडवर होते आणि हे ओरडणं मला तिथं थेट ऐकू आलं, असं मी चारचौघांत सांगते. खरं म्हणजे फोन आला होता. पण मी तो कानापासून हातभर लांब धरला तरी बाकड्यावरच्या दोन म्हाताऱ्या दचकून उठल्या, एवढं अगदी देवाशपथ खरं.

"बाई, तुमचा पेशंट परत बिघाडला," अण्णा मला म्हणाले. "लौकर या, न्हाईतर आमी आमच्या पद्धतीनं बघतो."

त्यांची पद्धत मला माहीत होती. मी स्कूटीला किक मारली. गाव वीस मिनिटांवर आहे, मी बारा मिनिटांत पोचले आणि वाटेत एक कोंबडी माझ्यामुळं उडायला शिकली.

गावाच्या मधोमध नवाकोरा काँक्रीटचा रस्ता. महिन्याभरापूर्वीच त्याच्यावर नारळ फुटला होता, आणि त्या रस्त्यासाठी सुभेदार अण्णांनी तालुक्याच्या कचेरीचे उंबरे झिजवले होते. तो रस्ता त्यांच्या दारावरूनच जातो, हा योगायोग. तर त्या रस्त्याच्या मध्ये बाळू गुडघ्यावर बसला होता. लोखंडी पहार रस्त्यावर उभी टेकवलेली, तिच्या वरच्या टोकाला कान लावलेला, डोळे मिटलेले. भोवती अर्धं गाव, पण दहा हात लांब. पिसाळलेल्या कुत्र्याला लोक देतात तेवढं अंतर.

मी जवळ गेले. "काय चाललंय रे बाळू?"

"खाली कोणतरी पाणी पितंय, बाई," डोळे न उघडता तो म्हणाला. "घटाघटा. रस्ता फोडाय पायजे."

हे ऐकून मी घाबरले. का घाबरले ते कळायला आमचा धंदा जरा सांगावा लागेल.

मी पंचवीस वर्षं खेड्यापाड्यांतून मानसिक आजार असलेल्या माणसांच्या घरी जाते. तोंडावर लोक मला बाई म्हणतात, माघारी येड्यांची बाई. मला दोन्ही चालतं. आमच्या कामाला पुनर्वसन म्हणतात, पण तो शब्द फॉर्मवर लिहायचा. करायचं असतं ते असं: डॉक्टर महिन्यातून एकदा तालुक्याला येतात, तपासतात, गोळ्या लिहून देतात आणि जातात. उरलेले एकोणतीस दिवस आमचे. गोळी पोटात जाते का, माणूस झोपतो का, आंघोळ करतो का, घरचे त्याला पंगतीला घेतात का, का ताटली सरकवून देतात, हे बघायचं. आणि हे सगळं जमलं की खरं अवघड काम सुरू होतं. त्याच्यासाठी गावात असं एखादं काम शोधायचं, की ज्यासाठी लोकांना त्याच्या दारात यावं लागेल.

गोळीचं म्हणाल तर घरोघरी तऱ्हा. कोरेगावकडं एका सुनेनं सासऱ्याच्या गोळ्या गुपचूप आमटीत कालवल्या. चोरून औषध देऊ नका, माणसाला सांगून द्या, असं मी तिला घसा फुटेपर्यंत सांगितलं होतं. त्याच दिवशी तिच्या नणंदेच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले, आणि आमटी सगळ्यांना वाढली गेली. पाऊण तासात लग्न ठरलं. मानपानावरून एक शब्द नाही, हुंड्याचं नाव नाही, वरमाई तर भिंतीला टेकून मंद हसत होती. ते जोडपं आजही सुखात आहे. तरीपण चोरून औषध देऊ नका.

आणि कामाचं म्हणाल, तर सांगलीकडं एक बाई होती. तिचा आजार असा की दिवसातून पन्नास वेळा हात धुवायची, भांडं घासून घासून त्याला भोक पाडायची. औषधानं निम्मं कमी झालं, निम्मं राहिलं. त्या निम्म्याचं काय करायचं? मी तिला तासगावजवळ एका बेदाण्याच्या शेडवर घेऊन गेले, बेदाणा निवडायला. तिच्या हाताखालून काडी, खडा, डागी दाणा सुटणं अशक्य. महिन्याभरानं मालकानं मला गाठलं आणि हळूच विचारलं, "म्याडम, अशा आजाराच्या आणखी दोघी मिळतील का?"

तेव्हापासून मी माणसाचा आजार बघून काम शोधायचं धाडस करायला लागले. त्यातलं सगळ्यात मोठं धाडस म्हणजे बाळू.

बाळू मला सापडला तो गोठ्यात. मी खरं तर शेजारच्या घरी गेले होते. सखूआक्का, म्हणजे बाळूची आई, गोठ्यातून बाहेर आली, आणि उघड्या दारातून मला आत दोन म्हशी दिसल्या आणि खुंट तीन. तिसऱ्या खुंटाजवळ जेवणाचं ताट होतं. म्हैस ताटात जेवत नाही. मी आत गेले. तिथं म्हशीच्या साखळीनं पाय बांधलेला, दाढी छातीपर्यंत आलेला माणूस बसला होता. सहा वर्षं.

त्याचा बाप गावचा पाणी सोडणारा. म्हणजे टाकी भरायची आणि वॉल उघडून पाळीनं एकेका आळीला पाणी द्यायचं. बापामागं ते काम बाळूकडं आलं. विशी-पंचविशीत त्याला पाइपातून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. त्याचं नाव घेऊन बोलायची. देवऋषी झाले, अंगारे झाले, आणि एक दिवस त्या माणसांना बाहेर काढायला म्हणून त्यानं पहारीनं पाइप फोडला. गावानं धरला, घरच्यांनी बांधला. घरच्यांना मी वाईट म्हणत नाही. सखूआक्कानं सहा वर्षं त्याला हातानं भरवलं. साखळीखाली पायाला चिंधी गुंडाळायची, जखम होऊ नये म्हणून.

साखळी काढायला मला आठ महिने लागले. काढल्यावर ती मी मागितली. म्हटलं, विहिरीत टाकते. आक्का म्हणाली, "असू द्या बाई, म्हशीला लागंल," आणि खुंटीला अडकवली. म्हशीला ती कधीच लागली नाही. तिथंच लोंबत राहिली.

पुढं बाळू सुधारला. इतकी वर्षं पाणी सोडणारा दुसरा माणूस महाबळेश्वरला टॅक्सी चालवायला गेला आणि गावाची पाण्यावाचून बोंब झाली, तेव्हा मी बाळूचं नाव पुढं केलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघत राहिले. कारण या कामात एक खुबी आहे. पाइप जमिनीखाली कुठं गळतो ते दिसत नाही. जाणता माणूस पहार टेकवून तिला कान लावतो आणि आवाजावरून सांगतो, इथं लिकेज आहे. डॉक्टर म्हणाले, "बाई, ज्याला नसलेले आवाज ऐकू यायचे, त्याला तुम्ही कान लावून बसायचं काम देणार?"

"त्याला दुसरं काम येत नाही," मी म्हटलं, "आणि गावाला दुसरा माणूस मिळत नाही. असा जोडा लग्नातसुद्धा जमत नाही."

सुभेदार अण्णा पाणी समितीचे अध्यक्ष. त्यांनी चावी दिली. वॉल फिरवायची कमरेएवढी उंच लोखंडी चावी, वरती आडवी मूठ असलेली. देताना म्हणाले, "ट्रायल बेसिसवर. एक गल्ती, की चाबी जमा." दोन वर्षं एक तक्रार नाही. सकाळी साडेसहाला बाळू खांद्यावर चावी टाकून निघाला, की वरच्या आळीच्या बायका त्याला हाक मारायच्या, "बाळूदादा, आज जरा जास्ती सोडा, पाव्हणं हायती." ज्याच्याकडं सहा वर्षं कुणी बघितलं नव्हतं त्याला लोक दादा म्हणायला लागले. त्या चावीनं केलं ते.

आणि आता तोच बाळू नव्या रस्त्याला कान लावून म्हणत होता, खाली कोणतरी पाणी पितंय.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. मी कितीतरी पोरींना ते शिकवलंय. माणसाला बाजूला न्यायचं आणि चार प्रश्न विचारायचे, याच क्रमानं. झोप झाली का? गोळी घेतली का? जेवलास का? आवाज येतायत का? मी यातलं एकही केलं नाही. मी सगळ्या गावासमोर हात पुढं केला आणि म्हणाले, "बाळू, चावी दे."

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. बाजूला पडलेली चावी उचलून माझ्या हातात दिली. "वरच्या आळीला पाणी चढायचं न्हाई," एवढं बोलून पहार घेऊन घराकडं चालू लागला.

गर्दी बाजूला झाली. तेवढ्यात समोरून सखूआक्का आली. ओरडा ऐकून धावत आली होती. हातात ती साखळी.

"आक्का, हे काय?"

"बाई, ही लोकं आवळून बांधत्याल," ती म्हणाली. "त्यापरीस म्याच बांधते. ढिली बांधीन."

मी बोलणारी बाई आहे. तहसीलदाराला मी दोन तास बोलून ग्लानी आणलेली आहे. त्या वेळी मी नुसतं साखळीचं दुसरं टोक धरलं. मग म्हणाले, "आक्का, दोन दिवस थांब."

"दोन दिवस," अण्णा म्हणाले. "तिसऱ्या दिवशी गाडी करायची आन् त्याला दवाखान्यात न्हेऊन टाकायचा. रस्ता फोडतो म्हणं. माझा रस्ता."

ते दोन दिवस माझ्याकडनं चावी घेऊन पाणी सोडायचं काम अण्णांनी स्वतः हातात घेतलं. फौजी शिस्तीत. शिट्टी वाजवून वॉल उघडायचे, शिट्टी वाजवून बंद करायचे. पहिल्या दिवशी खालच्या आळीत एवढं पाणी गेलं, की एकाच्या उकिरड्यात बदकं उतरली असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते. पण वरच्या आळीला थेंब नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टाकी काठोकाठ भरत होती, तासाभरात रिकामी होत होती, आणि पाणी जात कुठं होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं. अण्णांनी पहिल्यांदा मोटारीला दोष दिला, मग वीजवाल्यांना, मग वरच्या आळीला.

"घागरी मोकळ्या हायती, आन् हे आमालाच शिट्टी वाजवत्यात," वरच्या आळीची एक म्हातारी म्हणाली. "त्यो येडा बरा हुता की."

तिसऱ्या दिवशी दिवस उगवायला मी बाळूच्या घरी पोचले. तो गोठ्यात होता. तिसऱ्या खुंटाजवळ, आपल्या जुन्या जागेवर, आपणहून जाऊन बसला होता. बांधलेला नव्हता. पण पाय तसाच पुढं ठेवलेला.

मी शेजारी गवतावर बसले. जे आधी विचारायचं ते तीन दिवस उशिरा विचारलं.

"झोप?"

"झोपलो."

"गोळी?"

त्यानं खिशातून पाकीट काढून दाखवलं. एकही चुकली नव्हती.

"जेवलास?"

"आई भरवाय आलीवती. म्या काय न्हान हाय का?"

चौथा प्रश्न जिभेवर आला आणि मी गिळला. आवाज येतायत म्हणाला असता, तर अण्णांच्या आधी मलाच त्याला साताऱ्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं. येत नाहीत म्हणाला असता, तर माझा विश्वास बसला नसता. पंचवीस वर्षं या कामात घालवून मी त्या गोठ्यात एवढी अडाणी झाले होते.

मग मी म्हटलं, "ऊठ. मला ऐकव."

आम्ही रस्त्यावर आलो. बाळूनं पहार उभी केली, माझा हात तिच्यावर नीट ठेवला. "टोक हलवायचं न्हाई. दुसऱ्या कानात बोट घाला. आन् बोलायचं न्हाई," म्हणाला. शेवटचं सगळ्यात अवघड होतं. मी गुडघ्यावर बसले, कान लावला आणि डोळे मिटले.

मला काहीच ऐकू आलं नाही.

पंचवीस वर्षं स्कूटीवरचा वारा आणि माझाच आवाज खाऊन माझे कान कधीच कामातून गेलेत. लोखंड तेवढं गार लागलं. डोळे उघडले तर समोर सुभेदार अण्णा, त्यांच्या मागं वरच्या आळीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन, आणि सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून सखूआक्का. साखळी हातातच.

"काय बाई," अण्णा म्हणाले, "काय म्हणतोय रस्ता?"

मी आयुष्यभर गोष्टी वाढवून सांगत आले. करमणुकीपलीकडं त्याचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "ऐकू येतंय की. घटाघटा. सरळ खाली पडतंय पाणी."

गर्दीत कुजबुज. कुणीतरी म्हणालं, "मग बाईलाबी गोळी चालू करा."

"करा," मी म्हटलं. "पण आधी तुम्ही ऐका. का भ्या वाटतंय?"

एवढं म्हटल्यावर सातारा जिल्ह्यातला माणूस मागं राहत नाही. पहिल्यांदा दूध डेअरीचा सेक्रेटरी बसला. त्यानं कान लावला आणि मान डोलावली. बाईला ऐकू येतं आणि आपल्याला नाही, असं कसं म्हणणार? मग एकामागून एक ओळच लागली. कुणाला खळखळ ऐकू आली, कुणाला गुरगुर, एकाला तर आपल्या मेलेल्या सासूचा ठसका ऐकू आला, आणि त्याला मी ओळीतून बाजूला घेऊन आमच्या डॉक्टरांच्या तपासणीचं कार्ड दिलं. त्यातल्या किती जणांना खरंच काही ऐकू आलं देव जाणे. मी तोंडं बघत होते. दोघींची, तिघींची बदलली. घागरी घेऊन आलेल्या बायकांना पाणी लवकर ऐकू येत असावं.

शेवटी अण्णा बसले. तोफांनी त्यांचा एक कान गेलेला आणि दुसरा निम्मा. त्यांनी बराच वेळ कान लावला.

"फोडा," ते म्हणाले. "पानी न्हाई निघालं, तर ही बाई आन् ह्यो बाळ्या, दोघांनी मिळून रस्ता परत करायचा. हातानं."

मी लगेच कबूल केलं. काही लोकांना पाणी निघण्यापेक्षा तेच बघायचं होतं.

जेसीबी आला. काँक्रीट फुटलं, पण एक मोठा लादा अडकून राहिला, हलेना. ड्रायव्हर वरून ओरडला, "साखळी हाय का कुणाकडं? वढून घेतो."

आता पुढचं मी जुळवून सांगतेय असं तुम्हाला वाटेल, आणि माझा आजवरचा लौकिक बघता तुमची चूक नाही. पण सगळ्यांच्या माना सखूआक्काकडं वळल्या. ती जागची हलली नाही. बाळू तिच्याजवळ गेला, तिच्या बोटांतून साखळी सोडवून घेतली आणि लाद्याभोवती दोन वेढे मारून जेसीबीला अडकवली. "वढ," म्हणाला.

लादा उठला. खाली घरातल्या खोलीएवढी पोकळी. धान्य साठवायचं जुनं पेव, दगडांनी बांधलेलं, कधीकाळी वरून बुजवलेलं आणि गाव विसरून गेलेलं. पाइप त्याच्या तोंडाशी फुटला होता आणि गावाचं सगळं पाणी त्या पेवाच्या घशात घटाघटा पडत होतं. वरती एवढासा काँक्रीटचा पापुद्रा. महिन्याभरानं उसाचे ट्रॅक्टर त्याच्यावरून जाणार होते.

एक म्हातारा काठी टेकत पुढं आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आरं, हे तर सुभेदाराच्या पणज्याचं पेव."

अण्णा तसेच वळले. घरात गेले, चावी घेऊन आले आणि बाळूपुढं धरली. "पाइप जोडून झाला, की आधी वरच्या आळीला सोड. दोन दिवस लेट झालाय."

फौजी माणसाची माफी याहून लांब नसते. साखळीचं म्हणाल, तर ती ड्रायव्हर जेसीबीबरोबर घेऊन गेला आणि कुणी परत मागितली नाही.

दुपारी पाइप जोडून झाला. बाळू टाकीच्या पायरीवर बसून चावीच्या मुठीला ग्रीस लावत होता. मी शेजारी बसले आणि माझ्या पद्धतीनं माफी मागितली, म्हणजे अर्धा तास बोलले. सगळ्यांपुढं चावी मागायला नको होती, आधी विचारायला हवं होतं, मी चुकले. तो ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "तुमाला सकाळी काय बी ऐकू आलं न्हाई."

"कशावरून?"

"पहार हललीवती. टोक हातभर बाजूला गेलंवतं."

मला हसू आलं. चौथा प्रश्न अजून राहिलाच होता. आता विचारायला हरकत नव्हती.

"आणि तुला रे? त्या दिवशी तुला नुसतं पाणीच ऐकू येत होतं, का ती पाइपातली माणसंसुद्धा?"

त्यानं ग्रीसचा हात चिंधीला पुसला.

"दोन्ही," तो म्हणाला. "पान्याचं तेवढं तुमाला सांगितलं."